अरबी समुद्रातून उगवणारा सूर्य

माझं माहेर रत्नागिरीचं. सूर्य समुद्रात बुडतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. मांडवीला धक्क्यावर बसायचं, भेळ खायची, तो लाल गोळा पाण्यात विरघळला की घरी परतायचं. उगवायचा मात्र तो घरामागच्या सड्यावरून, आंब्याच्या कलमांमधून. पुरीला, चेन्नईला समुद्रातून वर येणारा सूर्य पाहिला होता, पण तो दुसऱ्यांचा समुद्र. आपल्याच समुद्रातून तो उगवताना पाहायचा, तर पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहायला हवं.

ही कल्पना माझी. नकाशा घेऊन बसले ते आमचे हे. दोन दिवसांनी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, ओमानमधलं मिरबात बरोबर रत्नागिरीच्या अक्षांशावर आहे. दोन्ही सतरा अंशांच्या केसभर खाली. मांडवीवरून नाकासमोर पश्चिमेला पोहत निघालीस तर दोन हजार किलोमीटरवर इथे लागशील."

मला पोहता येत नाही. म्हणून मस्कत ते मिरबातच्या पुढचं सलालाह, किनाऱ्याकिनाऱ्याने, गाडीने. वाळवंटातल्या सरळ हमरस्त्याने हे अंतर हजार किलोमीटर आहे आणि लोक ते एका दिवसात उरकतात. आम्ही डिसेंबरातले दहा दिवस काढले. नियम दोनच ठेवले: दिवसाला जमेल तितकी कमी गाडी चालवायची आणि अंधार पडल्यावर मुळीच नाही, कारण तिकडे उंट रस्त्यावर येतात.

पहिला दिवस, मस्कत

माझी मावसबहीण रूवीत राहते. तिच्या घरी पाठ टेकली, दुपारी गाडी ताब्यात घेतली. साधी सेडान, स्टिअरिंग डावीकडे. यांनी पहिल्याच चौकात वळायचा दिवा द्यायला जाऊन वायपर सुरू केले. लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरतायत आणि हे गंभीर चेहऱ्याने वळतायत. हा प्रकार सलालाहपर्यंत रोज एकदा तरी झाला. माझ्याकडे दर गोल चौकात "उजवीकडून, उजवीकडून" म्हणत राहण्याचं काम आलं. ते मी चोख केलं, असं माझं मत आहे.

संध्याकाळी मत्रहच्या बाजारात गेलो. धूप, खजूर, चांदी, शाली, आणि सगळीकडे हिंदी. दुकानदाराने सुटे हातावर ठेवले आणि म्हणाला, "पाचशे बैसा." बैसा म्हणजे आपला पैसाच. हजार बैशांचा एक रियाल. १९७० पर्यंत इथे रुपयाच चालायचा. आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटा काढल्या होत्या. इथले एक सुलतान, तैमूर बिन फैसल, १९३२ साली गादी सोडून मोकळे झाले आणि १९६५ मध्ये वारले ते मुंबईत. परदेशात आल्याचा माझा तोरा बाजाराच्या निम्म्या वाटेवरच उतरला.

जुन्या मस्कतच्या बंदरावर मिरानी आणि जलाली असे दोन किल्ले समोरासमोर आहेत, पोर्तुगिजांनी १५८० च्या दशकात बांधलेले. वसई-रेवदंडा पाहिलेल्या माणसाला ते अनोळखी वाटत नाहीत. फक्त इथून पोर्तुगिजांना १६५० मध्येच हाकललं. आपल्याकडे गोव्यात ते आणखी तीनशे अकरा वर्षं राहिले.

दुसरा दिवस, मस्कत ते सूर

बहिणीने दशम्या, लसणाची चटणी आणि एवढासा लोणच्याचा डबा दिला. पेट्रोल लिटरला २२९ बैसा, म्हणजे साधारण पन्नास रुपये. यांनी पावती घडी करून पाकिटात ठेवली, आठवण म्हणून.

सूर दोनशे किलोमीटरवर आहे. एका हाताला बोडके तपकिरी डोंगर, दुसऱ्या हाताला निळं पाणी, मधे रुंद रस्ता. गाडीने १२० ओलांडले की ती टुणटुण वाजू लागते. आमची वाजलीच नाही. मागून येणारे मात्र आम्हाला वाजवत होते.

वाटेत बिम्माचा खड्डा आहे. चुनखडीचा दगड आतून विरघळत गेला, वरचं छत कोसळलं आणि तळाशी हिरवंनिळं पाणी उरलं. तिथले लोक सांगतात की इथे तारा पडला होता, अरबी नावही त्यावरूनच आहे. पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले की बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडतात. शहरात याचे पैसे घेतात. इथे फुकट होतं, म्हणून हे अर्धा तास उठले नाहीत.

वादी शाब या घळीतून आम्ही निम्म्यातून परतलो. हमरस्त्याच्या पुलाखालून छोट्या होडीने पलीकडे सोडतात, माणशी एक रियाल. मग दोन्ही बाजूंना उभे कडे आणि खजुराची झाडं, पाऊण तासाची दगडधोंड्यांची वाट. शेवटी पोहत एका कपारीत शिरलं की गुहेत धबधबा आहे म्हणतात. पोहता न येणाऱ्या बाईने आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिथवर जावं तिथवर आम्ही गेलो. खजुराच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. धबधबा तरुण मंडळींनी फोनवर दाखवला.

सूरच्या अलीकडे कल्हात लागतं. उजाड टेकाडावर बीबी मरियमची कबर म्हणून एक पडकी घुमटी आहे. जुन्या शहराचं म्हणावं असं एवढंच काय ते उभं आहे. आम्ही ती दुरूनच पाहिली. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता सूरहून इथे चालत आला होता आणि पायांची पार दैना झाली होती, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आम्ही गार हवा लावलेल्या गाडीत बसून त्याची कीव केली. कल्हातहून तेव्हा घोडे गलबतात चढवून हिंदुस्थानात पाठवत. दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे हवेच असत आणि ते दाभोळ-चौलला उतरत. १५०८ मध्ये अल्बुकर्कने कल्हात जाळलं. दोन वर्षांनी गोवा घेतला तो हाच. गोव्याच्या इतिहासात त्याला आपण पणजीच्या बाजूने वाचलेलं असतं. इथे तो आधी काय करून आला ते दिसलं.

तिसरा दिवस, सूर आणि रात्री रास अल जिंझ

सूर हे जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. खाडीकाठी पांढरी घरं, पलीकडे अल ऐजाचं दीपगृह, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या. भाट्याच्या खाडीची आठवण येणार नाही तर काय होईल! गलबतांच्या कारखान्यात गेलो. जहाजांच्या सांगाड्यांमधून फिरायला देतात. जुन्या पद्धतीत आधी बाहेरच्या फळ्या जोडून कवच करायचं, आतल्या फासळ्या मग. कागदावर काही नाही, सगळं मिस्त्रीच्या डोळ्यात. लाकूड साग, आणि तो मलबारातून यायचा. एक म्हातारा मिस्त्री केरळचा निघाला. मी फळीवरून हात फिरवला तशी त्याने मला थांबवलं, माझा अंगठा धरून दोन फळ्यांच्या सांध्यावर ठेवला आणि विचारलं, "मिला क्या?" सांधा नखाला लागत नव्हता. मग त्याने पुढच्या सांध्यावर ठेवला. तिथे लागला. "ये नया लड़का किया," तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

खिळ्यांचे दिवस यायच्या आधी फळ्या काथ्याने शिवत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात असंच शिवलेलं 'कौंडिण्य' आपल्या नौदलात २०२५ मध्ये आलं, ते यांनी पेपरात वाचलं होतं. त्या मिस्त्रीला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कातो किधर का?" काथ्या कुठला होता हे यांना सांगता येईना.

दुपारी रास अल जिंझ गाठलं. हे कासवांचं राखीव क्षेत्र. हिरवी समुद्री कासवं इथे वर्षभर अंडी घालायला येतात, उन्हाळ्यात खूप, डिसेंबरात तुरळक. "दिसलं तर दिसलं," असं काउंटरवरच्या मुलाने आधीच सांगून टाकलं. रात्री नऊला गट निघाला. वाटाड्याखेरीज कोणाला बॅटरी नाही, फोटो नाही, बोलायचं नाही. वाळूत चालताना पुढच्याचे पाय तेवढे ऐकू येत होते.

वेळासला आम्ही तीनदा गेलोय. तिथे टोपलीखालून पिल्लं काढतात, वाळूवर सोडतात, ती तुरुतुरु लाटेकडे जातात आणि मुंबई-पुण्याची मुलं टाळ्या वाजवतात. पण आई कोणालाच दिसत नाही. ती रात्री केव्हातरी येऊन गेलेली असते. इथे ती दिसली.

वाटाड्याने तांबड्या दिव्याचा झोत तिच्या शेपटीकडे धरला. मोठ्या परातीपेक्षाही मोठी पाठ. मागचे दोन पाय आळीपाळीने खाली जात होते. एक पाय वाकून वाळूची ओंजळ भरायचा, बाजूला झटकायचा, मग दुसरा. आमटी ढवळायच्या पळीसारखी ती हालचाल, घाई अजिबात नाही. मग अंडी पडू लागली, ओलसर, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, दोन-दोन, तीन-तीन. एका वेळी शंभराच्या आसपास घालते म्हणाले. नंतर तिने पुढच्या पायांनी मागे वाळू फेकायला सुरुवात केली आणि पहिल्या रांगेतल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडात वाळू गेली. कोणी हललं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अंगातलं जास्तीचं मीठ ती तसं बाहेर टाकते, रडत नाही, हे वाटाड्याने हळूच सांगितलं. माझ्या शेजारची बाई तरी रडलीच.

आपल्या संतांनी कासवीच्या नुसत्या नजरेवर तिची पिल्लं वाढवली. ही कासवी खड्डा बुजवून वळली आणि एकदाही मागे न बघता सरळ पाण्याकडे निघाली. पंचवीस-तीस पावलं जाऊन थांबायची, धापा टाकायची, पुन्हा निघायची. पहिल्या लाटेने तिला उचललं, तेव्हा इतकं जड जनावर एकदम हलकं झालं.

चौथा दिवस, रास अल जिंझ ते अल अशखरा

पहाटे पुन्हा किनाऱ्यावर. साडेसहाच्या सुमाराला सूर्य समुद्रातून वर आला. अरबी समुद्रातून! मी पदर सारखा करून नमस्कार केला. हे शेजारून म्हणाले, "पण इथून सरळ समोर द्वारका येते." म्हणजे झाला तो सराव. माझा सूर्य अजून साडेपाच अंश दक्षिणेला होता.

अल अशखरा हे कोळ्यांचं गाव, आणि इथे मला एकदम घरचा वास आला. धक्क्यावर लिलाव चालू होता. सुरमई, कुपा, मोरी. सुरमईला इथे कनद म्हणतात. ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ती धरायला बंदी असते, अंडी घालायचा काळ म्हणून. आपली बंदी जून-जुलैत, पावसाची. मोठी मासळी जमिनीवर मांडलेली, भोवती पांढऱ्या झग्यांचं कडं, आणि लिलाव करणारा एका दमात आकडे म्हणत फिरतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला हेच काम बायका करतात आणि जास्त जोरात करतात. इथे अख्ख्या धक्क्यावर मी एकटी बाई. कोणी टक लावून पाहिलं नाही, पण वाट मात्र रुंद करून दिली.

एक छोटी सुरमई घेतली. राहायच्या जागेचा आचारी कोळीकोडचा. पर्समधून आमसुलांची पुडी काढली तशी त्याने वास घेतला, "कुडमपुळी नहीं है," म्हणजे केरळचं आमसूल नाही, असा निर्णय दिला, आणि तरी कालवणात चार टाकली. रात्री तो आणि आम्ही एकाच टेबलावर जेवलो. त्याचं कालवण माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. हे मी यांच्याजवळ कबूल केलेलं नाही.

पाचवा दिवस, वाळू

अल अशखराच्या दक्षिणेला वाहिबाचं वाळवंट थेट समुद्रात उतरतं. उजवीकडे वाळूचे डोंगर, डावीकडे लाटा, मधून डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्यावरून वाळू सापासारखी सरपटत जात असते. जागोजागी पिवळे लोडर ती उपसत होते. उपसून ते पुढे गेले की मागे पुन्हा वाळू.

फोटोसाठी गाडी कडेला घ्या, असं मी म्हटलं. हा गुन्हा कबूल. उजवीकडची दोन्ही चाकं खाली गेली. यांनी गाडीला जोर दिला, ती आणखी खाली गेली. मी ढकललं, माझ्या चपला आत गेल्या. जवळच्या झुडपाच्या काटक्या चाकाखाली घातल्या, त्यांचा भुगा झाला. पाऊण तास रस्त्यावर कोणी नाही.

मग एक जुनाट लँड क्रूझर आली. मागे मासळीची खोकी, चालक साठीचा, डोक्याला गुंडाळलेला मसर, पाय अनवाणी. दोर काढेल असं वाटलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसला, एका काटकीने टायरचा वॉल्व्ह दाबून धरला आणि हवा सोडत राहिला. फुस्स. चारही चाकांची. "हवा ज़्यादा है," एवढंच बोलला. टायर पसरट झाले. मग चावी मागून घेतली, स्टिअरिंग किंचित डावी-उजवी करत, गाडीला अजिबात जोर न देता, लहान मुलाला झोपेतून उठवावं तशी ती बाहेर काढली.

हिंदी कुठे शिकलात, विचारलं. आईला उपचाराला घेऊन मुंबईत दोन महिने राहिला होता, मोहम्मद अली रोडला. "बारिश बहुत," तो म्हणाला. "दो महीना बारिश देखा." ही तक्रार होती की कौतुक, ते आवाजावरून कळेना. पैसे घेतले नाहीत. एक सुरमई आमच्या डिकीत टाकायला निघाला होता, ती मी कशीबशी परत केली. पुढच्या पंपावर हवा भरून घ्या आणि तोवर साठच्या वर जाऊ नका, असं तीनदा बजावलं. हे साठवर राहिले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मनाजोगता वेग सांगितला होता.

सहावा दिवस, दुक्म

कालच्या खोळंब्यामुळे वाटेत मुक्काम करावा लागला, आणि दुक्मला दुपारी पोचलो. नवं बंदर, जहाजदुरुस्तीच्या मोठ्या गोद्या, क्रेनची रांग, विमानांनाही पुरतील इतके रुंद रस्ते, आणि माणसं जवळपास नाहीतच. वाऱ्याने कोरलेल्या खडकांची एक बाग आहे, ती बघितली. कपडे धुऊन घेतले. दुक्मबद्दल एवढंच.

सातवा दिवस, दुक्म ते शुवैमिया

ह्या टप्प्याला पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. पंपाशेजारी हमखास एक टपरीवजा कॉफी शॉप असतं, मल्याळी किंवा बांगलादेशी माणसाचं. गाडीतूनच हॉर्न दिला की तो कागदी कपात करक चहा आणून देतो, वेलची घातलेला, दूध आटवलेलं, शंभर बैसा. सोबत पराठ्यात चीज आणि चुरलेले बटाट्याचे वेफर्स गुंडाळून मिळतात. वेफर्सचा पराठा ऐकून यांनी नाक मुरडलं होतं. शुवैमियापर्यंत तीन खाल्ले.

तासन्‌तास काही नसतं. सपाट, पिवळट, दगडाळ, मधूनच उंट. आमचं बोलणंही संपलं आणि ते बरं वाटलं. तीस वर्षांच्या संसारात गाडीत गप्प बसण्याची वेळ सहसा भांडणानंतरच यायची.

दुपार कलताना एकदम खाली पांढरा कडा आणि त्याच्या पायथ्याशी लांबच लांब पुळण दिसली. शुवैमिया हे मूठभर घरांचं गाव. साधी खोली मिळाली. किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. पायांचे ठसे सकाळी आमचेच सापडले.

आठवा दिवस, शुवैमिया ते हासिक

सगळ्या प्रवासात रस्ता म्हणून हा सर्वांत देखणा. पूर्वी शुवैमिया आणि हासिकच्या मधे गाडीरस्ताच नव्हता, कडे थेट समुद्रात उतरायचे. आता तेच कडे कापून रस्ता काढलाय. चढतो, वळतो, खाली पाणी आरशासारखं. आपल्या घाटांत दरीत झाडी असते म्हणून डोळा कुठेतरी अडकतो. इथे दरीत नुसता समुद्र आहे. यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि मी मराठीत सगळी स्तोत्रं संपवून संस्कृतात शिरले होते.

हासिकजवळ खडकातून पाणी ठिबकतं आणि त्याची दगडी झुंबरं झाली आहेत. पुढे किनाऱ्यावर वास आला. तारली! वाळूत पसरून वाळत घातलेली, चांदीचा पत्रा अंथरल्यासारखी, नजर जाईल तिथवर. कोणासाठी, विचारलं. पोऱ्याने मागे बोट दाखवलं. उंट आणि गाई! कोरड्या दिवसांत चारा म्हणून इथे जनावरांना वाळकी तारली घालतात. आमच्याकडे जास्त झालेली तारली माडांच्या मुळाशी जाते. बोंबील वाळवणाऱ्या घरात वाढलेल्या मला गाईने मासे खाल्लेले काही खटकलं नाही. हे मात्र दुसऱ्या दिवसापासून काळा चहा मागू लागले.

डोंगरउतारावर धुपाची झाडं पाहिली. ठेंगणी, वाकडीतिकडी, साल कागदासारखी सुटलेली. साल चाकूने खरवडायची, आतून चीक येतो, तो वाळून थेंब होतात, ते काही दिवसांनी खुडायचे. याला लुबान म्हणतात. आपल्या सातपुड्यातली सालई याचीच बहीण. एका जुन्या जखमेवर वाळका थेंब चिकटला होता. मी तो काढला नाही, बोट लावून वास घेतला. बोटाला दिवसभर देवळाचा वास येत होता.

नववा दिवस, मिरबात

आदल्या संध्याकाळीच मिरबातला आलो. एकेकाळी धुपाचं आणि घोड्यांचं बंदर. आता किनाऱ्यालगत व्यापाऱ्यांचे जुने दुमजली वाडे ढासळतायत, खिडक्यांच्या नक्षीदार लाकडी जाळ्या अर्ध्या लोंबतायत, आतून शेळ्या बघतात. गावाबाहेर बिन अलीची जोडघुमटाची पांढरीशुभ्र कबर. बंदर पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सूर्य इथे मावळतो तो खाडीपलीकडच्या डोंगरांमागे, आणि उगवतो तो भूशिराच्या दुसऱ्या अंगाने, पाण्यातून. अगदी उलटी रत्नागिरी.

पहाटे सहाला गाडी भूशिराच्या पूर्वेला नेऊन लावली. यावेळी डांबरावरच. थंडी नव्हती, वारा होता. यांनी फोनवर आकडे बघत मला चार पावलं इकडे, दोन पावलं तिकडे असं सरकवलं. "हं. इथे. सोळा अंश एकोणसाठ मिनिटं." एका खडकावर मी उभी, खाली खेकडे, समोर करडं पाणी.

पावणेसात वाजता क्षितिजावर कडा तांबूस झाली. डिसेंबरात सूर्य नाकासमोर नसतो, बराच उजवीकडे सरकलेला असतो. मी उगीचच समोर बघत होते, यांनी खांदा धरून वळवलं. मांडवीला तो बुडताना चपटा होतो, तसाच चपटा होऊन तो वर आला, पाण्याला चिकटलेला बुंधा क्षणभर ताणला गेला आणि सुटला.

मी रत्नागिरीला फोन लावला. तिकडे सव्वाआठ. आईने उचलला.

"आई, आत्ता उगवला. समुद्रातून."

"होय का? आमच्याकडे कधीच आलाय वर. गहू घातलेत वाळत." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे इथनंच गेला तिकडे."

मी हो म्हटलं. हे पाठ फिरवून खेकडे बघत होते. ते असं करतात तेव्हा मी हाक मारत नाही.

दहावा दिवस, सलालाह

वाटेत सुमहुरम. खोर रोरीच्या काठावरचे दगडी अवशेष, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासूनचं धुपाचं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत या किनाऱ्यावरच्या धुपाच्या बंदराचा उल्लेख आहे आणि त्याच टिपणांत कल्याण, सोपारा, चौलही आहेत. इथल्या उत्खननात एक मोडकी कांस्यमूर्ती मिळाली, भारतीय घडणीची. भिंतीवर उभं राहिलं की खाडी, वाळूचा बांध आणि त्यापलीकडे समुद्र. बांधाने आता खाडीचं तोंडच बुजलंय, गलबत आत येणार नाही. खाडीत रोहित होते आणि काठाला पाणी पिणारे उंट.

आणि मग सलालाह. इतक्या वाळूनंतर एकदम माड! केळीच्या बागा, पपया, रस्त्याच्या कडेला झावळ्यांची दुकानं आणि टांगलेले घड. आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत या डोंगरांना घासून जातो, धुकं आणि रिमझिम देतो आणि सगळं हिरवं करतो. त्याला इथे खरीफ म्हणतात आणि आखातभरातून लोक चक्क पावसात भिजायला येतात. डिसेंबरात डोंगर पुन्हा पिवळे पडलेले. शहाळंवाल्याने सपासप तीन घाव घातले. पाणी गोड होतं, पण खोबरं आमच्याकडचं बरं. हे मी पक्षपात न करता सांगते आहे.

बाजारात लुबान घेतलं. सर्वांत चांगलं ते होजरी, हिरवट पांढरं, जवळजवळ पारदर्शक. दुकानदारीणबाईने एक खडा माझ्या हातावर ठेवला, चघळा म्हणाली. आधी कडू, मग पाइनच्या झाडासारखी चव, शेवटी दाताला चिकटून बसतो.

गाडी परत दिली. साडेचौदाशे किलोमीटर भरले होते. तपासणाऱ्या मुलाने डिकी उघडली, खाली वाकला, पायपोस झटकला. वाळूची छोटी रास पडली. त्याने यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे.

रत्नागिरीला पोचल्यावर तिन्हीसांजेला आईपुढे लुबानची पुडी ठेवली. दोन हजार वर्षांची हकिगत सांगितली, ग्रीक, रोमन, कल्याण, सोपारा. तिने निखाऱ्यावर दोन खडे टाकले. पांढरा धूर देवघरातून माजघरात आला. ती डोळे मिटून बराच वेळ बसली.

मग म्हणाली, "याने डास जातात का गं?"